लग्नपत्रिकेचा मायना



तुळशीचे लग्न लागले की आमच्या मानवतच्या बाजारात दोन ठिकाणी गर्दी होते. एक कापसाच्या गाड्यांपाशी आणि दुसरी छापखान्यात. कापूस विकल्याशिवाय आमच्याकडे लेकीच्या लग्नाला हात घालता येत नाही, म्हणून या दोन्ही गर्द्या पाठोपाठ येतात. मी आता कीर्तनाला उभा राहत नाही. पंच्याहत्तरीला टेकलो, गळा गेला, गुडघेही गेले. पण "महाराज, पत्रिकेचा मजकूर तेवढा नजरेखालून घाला" म्हणत माणसे अजून दारी येतात. मीही चष्मा पुसून बसतो. तेवढीच सेवा.

यंदा आली ती माझी भाची. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक लेक. तिच्या मुलीची सोयरीक जमली होती. आल्या आल्या पाणी प्याली, पिशवीतून पत्रिकांचे नमुने काढले आणि सतरंजीवर ओळीने मांडले.

"मामा, यातली कोणती घ्यावी?"

एक होती पेटीसारखी, वर मखमल, आत सुका मेवा ठेवायला कप्पे. दुसरीवर नवरा-नवरीचा रंगीत फोटो. तिसरीवर सोनेरी छपाईत विटेवरचा पांडुरंग. चौथी साधी, हळदीच्या रंगाचा एकच जाड कागद आणि त्यावर कुंकवाच्या रंगाची अक्षरे. शिवाय मुलीच्या चुलतभावाने मोबाइलवर हलणारी, गाणारी पत्रिका करून ठेवली होती, तीही तिने दाखवली.

माउली, या पाचांतून निवडताना मी तिला जे सांगितले, ते आधी तुम्हाला सांगतो. यंदा तुमच्याही घरी कार्य असेल.

पूर्वी छापील पत्रिका नव्हतीच. गावात न्हावी नाहीतर गुरव घरोघर फिरून आवतण देई. कोणाला घरटी एक माणूस, कोणाला चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी मांडवातच जेवायचे. परगावच्या सोयऱ्यांकडे घरचा माणूस हळदकुंकवाच्या अक्षता घेऊन जाई. छापील पत्रिका आली ती पुष्कळ नंतर, आणि आली तीही या अक्षतांची जागा घ्यायला. म्हणून तर आजही पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावतो. दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडतात आणि सुखाच्या पत्राचा कोपरा पिवळा करतात. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही कोपरा पाहून कळावे की वार्ता कसली आहे.

माझ्या तरुणपणी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून पत्रिका छापीत. जुळारी एकेक अक्षर उचलून उलटे लावी आणि पायाने चालवायच्या यंत्रावर कागद निघत. जोडाक्षराचा खिळा कमी पडला की नाव अडे. म्हणून मजकूर मोजका असे. वर कुलस्वामिनीचे आणि गणरायाचे स्मरण. वारकऱ्याच्या घरी श्री विठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न. मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग वधूवरांची नावे, शके, मास, तिथी, वार, मुहूर्त, स्थळ, 'सहकुटुंब सहपरिवार येऊन शुभाशीर्वाद द्यावेत' ही विनंती आणि शेवटी 'आपले नम्र'. पाकीट न चिकटवता, नुसती जीभ आत खोचून बुकपोस्टाने टाकायचे. तिकीट कमी लागे.

आता अक्षरे संगणकावर जुळतात, नावांना मर्यादा राहिली नाही. निमंत्रक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, व्यवस्थापक, शेवटी लहान पोरांची किलबिल. आमच्या भागात तर पुढाऱ्यांची नावे नवरीच्या नावापेक्षा ठळक. एकाचे नाव दुसऱ्याच्या खाली गेले म्हणून लग्नाला न आलेले पाहुणे मला ठाऊक आहेत.

मी भाचीला म्हणालो, "बाई, पेटी नको. तिच्या किमतीत दोन पंगती उठतील आणि पेटीचे शेवटी सुईदोऱ्याचे डबडे होते. फोटोचीही नको, नवरा-नवरी मांडवात दिसणारच आहेत. मोबाइलवरची लांबच्या माणसांना खुशाल पाठव, मुंबई-पुण्याच्या पोरांना तीच बरी. पण म्हाताऱ्या माणसाकडे कागद आणि अक्षता घेऊन स्वतः जा."

"अन् पांडुरंगाची?"

"ती तर मुळीच नको."

तिला नवल वाटले. वारकऱ्याच्या घरी पांडुरंगाचे चित्र नको, असे महाराज कसे म्हणतात? तिला मी डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. एका पावसाळ्यात बसस्थानकावर बसलो होतो. बाक ओला होता. एका गृहस्थाने खिशातून पत्रिका काढली, बाकावर पसरली आणि तिच्यावर बसला. तो उठला तेव्हा मी पाहिले, पत्रिकेवर विटेवरचा देव होता. त्या गृहस्थाला मी काय बोलणार? लग्न होऊन गेले होते, त्याच्या लेखी तो रद्दी कागद होता. चूक छापणाऱ्याची. देवाचे नाव माथ्यावर लिहावे, ते पुरे आहे. लग्न झाल्यावर ज्या कागदाचे काय होईल हे आपल्या हाती नाही, त्यावर मूर्ती छापू नये.

तिला पटले. तिने चौथी, साधी पत्रिका उचलली. मला वाटले, काम झाले. पण ती उठेना. मग पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. मजकुराचा कच्चा खर्डा होता. तिच्या दिरांनी लिहून दिलेला.

"मामा, यात माझं नाव नाही. भाऊजी म्हणतात, शुभकार्याच्या पत्रिकेत नको. यांचं आहे, कैलासवासी म्हणून. निमंत्रक भाऊजी आहेत. माझं घालावं की घालू नये, ते तुम्ही सांगा. तुम्ही शास्त्र जाणता. तुम्ही सांगाल तसं करते."

तिचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले.

माउली, कीर्तनकाराला प्रश्नाची भीती नसते. पन्नास वर्षे लोकांच्या शंकांना उत्तरे दिली. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण हाच कागद मी एकदा स्वतःच्या हाताने लिहिला होता.

तेहतीस वर्षांपूर्वी या भाचीचेच लग्न होते. माझी अक्का सव्विसाव्या वर्षी विधवा झाली आणि तीन वर्षांची ही लेक घेऊन माहेरी आली. आमच्या घरी राबली, लोकांच्या रानात कापूस वेचला, पै-पै बांधून ठेवली. लेकीचे लग्न ठरले तेव्हा पत्रिकेच्या छपाईचे पैसे तिने दिले. म्हणाली, "भाऊ, बाकीचा खर्च तू करतोसच, पत्रिका माझ्या पैशाची होऊ दे." मजकूर लिहायला मी बसलो. 'आपले नम्र' खाली पहिल्यांदा तिचे नाव लिहिले. घरातले एक वडीलधारे शेजारी बसले होते. ते म्हणाले, "पांढऱ्या कपाळाचं नाव मंगल कागदावर घालतोस? तू महाराज ना?" मी लेखणी उचलली आणि त्या नावावर रेघ ओढली. एक शब्द बोललो नाही. त्याच आठवड्यात मी जनाबाईवर कीर्तन केले होते आणि लोकांचे डोळे ओले केले होते.

पत्रिका छापून आल्या. घरातल्या सवाष्णींनी कोपऱ्यांना हळदकुंकू लावले. अक्काला त्याला हात लावू दिला नाही कोणी. ती पलीकडे बसून पाकिटांना तिकिटे चिकटवीत होती. पाचशे पाकिटे. माझ्या डोळ्यांपुढे घडले हे, आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही.

हे सगळे मी भाचीला सांगू लागलो, तशी ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, मामा. आईला वाचता येत नव्हतं. हरिपाठ तोंडपाठ, पण अक्षर येत नव्हतं. पत्रिका आल्या त्या रात्री तिनं एक माझ्याजवळ आणली. म्हणाली, 'वाच गं सगळी.' मी वाचली. शेवटी 'आपले नम्र' आलं. तिथं मी आईचं नाव वाचलं."

"नव्हते ना ते?"

"नव्हतंच. मी वाचलं."

"अक्का काय म्हणाली?"

"म्हणाली, 'बरं झालं वाचलंस.' अन् कंदील बारीक केला."

अक्काला जाऊन आता सहा वर्षे झाली. तिला ठाऊक होते की नव्हते, हे विचारायला आता कोणी नाही.

भाची मुक्कामाला राहिली. मला रात्री झोप लागली नाही. पहाटे काकड आरती झाली आणि पोथ्यांपुढे बसलो. मनाशी म्हटले, तिने शास्त्र विचारले आहे, तर शास्त्रच पाहावे.

ज्ञानेश्वरी, नाथांचे भागवत, गाथा हे माझे आयुष्यभराचे वाचन. यांत कोठेही, आईने लेकीच्या लग्नाचे निमंत्रण आपल्या नावाने देऊ नये, असे नाही. छापील पत्रिकेचा तर त्यांत शब्दही नाही, असणार कोठून? मराठी पंचांग मुंबईत गणपत कृष्णाजींनी प्रथम छापले ते १८३१ साली. त्या काळी सोवळी माणसे छापील पोथीला हात लावायला कचरत, शाईत चरबी असेल म्हणून. मग गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई वापरली. आज आपण छापील ज्ञानेश्वरी डोक्यावर घेऊन चालतो. काल जी रूढी होती ती आज गेली, आणि धर्म जिथल्या तिथे आहे. ज्याला मी शास्त्र समजून नमलो, ती रूढी होती.

आणि रूढी तरी कशी पाहा. गेलेल्या बापाचे नाव 'कै.' लावून पत्रिकेत चालते. ते अशुभ नाही. मागे राहून ज्या माउलीने लेकरू वाढवले, तिचे जितेपणीचे नाव मात्र अशुभ. मृत्यू झाला तो बापाचा आणि त्याचा विटाळ चिकटला तो आईच्या नावाला. याला युक्ती नाही आणि श्रुतीही नाही.

मग संतांकडे वळलो. आपल्या संप्रदायात पत्रांची मोठी परंपरा आहे, माउली. पहिले पत्र चांगदेवांचे. चौदाशे वर्षांचे योगी. ज्ञानोबांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. 'चिरंजीव' लिहावे तर ज्ञानाने हे थोर, 'तीर्थरूप' लिहावे तर वयाने पोर. शेवटी कागद कोराच पाठवला. मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानोबांनी त्या कोऱ्या कागदाला उत्तर दिले, तीच पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी. या कथेवर मी कितीदा कीर्तन केले असेल! अहंकारामुळे मायना सुचत नाही, हा सिद्धांत लोकांना सांगितला. माझ्या हातून अक्काच्या नावाची जागा कोरी राहिली, ती कशाने राहिली, हे मात्र मला तेव्हा उमगले नाही. चार लोक काय म्हणतील आणि माझ्या 'ह.भ.प.'ला काय बट्टा लागेल, हाच तो अहंकार होता.

दुसरे पत्र रुक्मिणी मातेचे. भागवताच्या दशम स्कंधात बावन्नाव्या अध्यायात ते आहे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाच्या गळ्यात बांधायला निघाला होता. तिने ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला. त्या लग्नाचे बोलावणे नवरीने स्वतःच्या नावाने दिले. खाली बापाचे नाव नाही, भावाचे नाही. नाथबाबांनी काशीत शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, याच कथेवर रुक्मिणी स्वयंवर रचले आणि आजही आपल्या घरातल्या उपवर मुली लग्न जमावे म्हणून त्याचे पारायण करतात. बाईच्या नावाने गेलेल्या बोलावण्याला देव धावून आला, ही कथा आपण मंगल म्हणून वाचतो. आणि पत्रिकेत बाईचे नाव आले की अमंगल?

तिसरे पत्र तुकोबांचे. आजारपणाने वारीला जाता येईना, तेव्हा पंढरीला निघालेल्या संतांच्या हाती त्यांनी देवाला पत्र धाडले. ते अभंग गाथेत आहेत. आणि आमच्या गोदाकाठची गंगाखेडची जनाबाई! तिने पत्र लिहिले नाही, पण आपल्या अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले. दळणकांडण करणारी दासी, तिला ना घर ना गोत; तरी तिची नाममुद्रा आज साऱ्या महाराष्ट्राच्या ओठावर आहे. संतांच्या पंगतीत तिचे नाव कोणी खोडले नाही.

कागदावरच्या मान्यतेचे दुःख आपल्या संप्रदायाला नवे नाही. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानोबादी चार भावंडांना पैठणला शुद्धिपत्रासाठी जावे लागले. आज त्यांच्याच पादुका आपण पालखीत मिरवतो. आणि आपला विठोबा तर लग्नाला काय, दर्शनालाही पत्रिका मागत नाही. वारीचे बोलावणे चूलबंद आहे. त्यात सवाष्ण आली, विधवा आली, सगळ्या आल्या. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या माउलीला तिचे कपाळ कोणी विचारीत नाही. जे दिंडीत चालते ते मांडवात का चालू नये?

बाहेरचे जगही बसून राहिलेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात शासनानेही इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितले. हे ऐकले तेव्हा मी 'छान झाले' म्हटले होते. आपल्या घराशी त्याचा काही संबंध आहे, असे मात्र मनात आले नव्हते.

उजाडल्यावर भाचीला हाक मारली. म्हणालो, "लेकी, शास्त्र विचारलेस ना? ऐक. तुझे नाव घालायचे, आणि पहिले घालायचे. दिरांचे त्याच्या खाली. त्यांनी मजकूर लिहिला, धावपळ करतील, त्यांचा मान राखायचा. कोणी विचारले तर माझे नाव सांग. म्हणावे, महाराजांनी सांगितले."

मग तिच्यासमोर बसून खर्डा पुन्हा लिहिला. 'आपले नम्र' खाली तिचे नाव, आधी श्रीमती. वधूच्या परिचयात आईचे नाव, बापाचे नाव. आणि आजीचे, माझ्या अक्काचे. तिच्या नावापुढे 'कै.' लिहिताना हात थांबला. जितेपणी जे नाव मी खोडले, ते आता छापायला मोकळे झाले होते, आणि मोकळे झाले होते ते ती गेल्यामुळे. ही भरपाई नव्हे, माउली. भरपाई होत नसते. पण निदान तीच रेघ दुसऱ्यांदा ओढली नाही.

दिरांना पहिल्यांदा रुचले नाही. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून पत्रिका वाटायला तेच निघाले. वराकडच्या लोकांनी चकार शब्द काढला नाही. आपण ज्या लोकांना भितो, त्यांतले निम्मे आपल्यासारखेच दुसऱ्याला भीत असतात.

छापून आलेल्या पत्रिकांना हळदकुंकू लावायला भाची स्वतः बसली. पहिली पत्रिका विठोबापुढे ठेवली. दुसरी अक्काच्या तसबिरीपुढे. तिथे उभी राहून तिने ती वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली. या वेळी कागदावर होते तेच वाचले.

सज्जनहो, यंदा तुमच्या घरी कार्य निघाले तर कागद कोणताही घ्या, ऐपतीप्रमाणे घ्या. मूर्ती छापू नका. कर्ज काढून पेटी वाटू नका. आणि मजकूर छापायला देण्याआधी 'आपले नम्र' ही ओळ एकदा वाचा. ज्या माउलीने ते लेकरू वाढवले, तिचे नाव तिथे आहे ना, एवढे पाहा. नसेल तर ती बहुधा बोलणार नाही. शेजारच्या खोलीत बसून तुमच्या पाकिटांना तिकिटे चिकटवीत असेल.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल. रामकृष्ण हरी.